पोलो जीटी टीएसआय की अबार्थ पुंटो: सहा-सात लाखांत जुनी घेताना

घरात दुसरी गाडी आहे का? जुनी वेगवान गाडी घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी हे विचारतो. रंग, रनिंग, पासिंग कुठलं हे सगळं नंतर. सहा-सात लाखांत बहुतेक गाडीवेड्यांचं घोडं फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि फियाटची अबार्थ पुंटो या दोघींपाशीच येऊन अडतं, आणि त्यांच्यातला निर्णय मी तरी या एका प्रश्नावरच घेतो.

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची बुटकी गाडी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे या पैशांत धडधाकट अवस्थेतली तशी गाडी मिळत नाही. आपली स्पोर्ट्स कार म्हणजे जोरदार इंजिन बसवलेली हॅचबॅक. या दोन्ही तर पुणे जिल्ह्यातच बनल्या, तेही शेजारशेजारच्या तालुक्यांत: पोलो खेडमधल्या चाकणला, पुंटो शिरूरमधल्या रांजणगावला. मला याचं फार अप्रूप आहे.

जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, साधारण १०४ बीएचपी ताकद, १७५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ ची, तेव्हाची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख. १.४ लिटरचं टी-जेट हे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल आणि चारही चाकांना डिस्क. शून्य ते शंभर गाठायला कंपन्यांनी सांगितलेला वेळ पोलोचा ९.७ सेकंद, अबार्थचा ८.८. कागदावर फरक एका सेकंदाच्याही आतला आहे. हातात मात्र दोन वेगळ्याच गाड्या येतात.

ताम्हिणीत मी दोन्ही चालवल्यात, एका आठवड्याच्या अंतराने. पोलोत वळणाआधी ब्रेक दाबला की डीएसजी आपणहून खालचा गिअर काढून ठेवतो आणि वळणातून बाहेर पडताना पाय ठेवला की गाडी लगेच निघते. कुठे धक्का नाही, दमछाक नाही. शेजारी बसलेल्या माणसाला आपण जोरात चाललोय हे काटा बघेपर्यंत कळत नाही. अबार्थमध्ये दोन हजार आरपीएमच्या खाली काही घडतच नाही, साधी पुंटोच चालवतोय असं वाटतं. मग अडीच हजारांच्या आसपास टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, भरतो आणि स्टीअरिंग हातातून एका बाजूला ओढ घ्यायला लागतं. पुढची चाकं रस्त्यातली प्रत्येक खाच शोधत जातात, तुम्हाला दोन्ही हातांनी गाडी धरावी लागते. हे स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, जड आहे, आणि चाकाखाली खडी आली की डांबर ते तळहाताला कळतं. गाडी चालवणं हा ज्याचा आनंद आहे त्याला या स्टीअरिंगचं वेड लागतं. मला लागलं.

पण रोज सकाळी हिंजवडीचा ट्रॅफिक असेल तर चित्र पालटतं. अबार्थचा टर्बो तिथे कधी भरतच नाही, हाती उरतो तो क्लच. शिवाय गाडी जमिनीपासून जेमतेम १५५ मिलिमीटर उंच. चार माणसं बसली की सोसायटीच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर तिरकी घालावी लागते, तरी पोट घासतंच. मग ऑटोमॅटिक पोलो बरी, असं वाटेल. तिचं दुखणं नेमकं याच ट्रॅफिकमध्ये आहे. हा डीएसजी ड्राय क्लचचा, म्हणजे त्याचे क्लच तेलात बुडालेले नसतात. इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत ते सतत अर्धवट घासत राहतात आणि तापतात. त्यांना चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग गेला तर बिल लाखाच्या पुढे जातं. त्यामुळे हायवेवर पन्नास हजार किलोमीटर पळालेली पोलो मला सायन-ठाण्यात तीस हजार पळालेल्या पोलोपेक्षा जास्त पटते.

पोलो बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड गाडी डी मध्ये टाका, ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता ब्रेक सोडून सरकू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली, खालून टकटक आली की सावध व्हा. मग चढावर तेच करा, शेवटी रिव्हर्समध्ये. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकलं तर व्यवहार तिथेच थांबवा. मेकॅट्रॉनिक किंवा क्लच बदलल्याचं बिल असेल तर मी ते गाडीच्या बाजूने धरतो. ते काम एका मालकाच्या खिशातून होऊन गेलंय.

अबार्थमध्ये आधी बघायचं ते वेगळंच: ती अबार्थ आहे का? विंचू ही अबार्थची खूण, पण विंचवाचे बिल्ले बाजारात सहज मिळतात आणि साध्या पुंटोवर छान शोभतात. आरसीवरच्या सीसीवर विसंबू नका, कारण साधं १.४ पेट्रोल आणि टी-जेट दोन्ही १३६८ सीसीचीच आहेत. आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा, मागच्या चाकाच्या जाळीतून डिस्क दिसते का ते वाकून बघा, बॉनेट उघडून टर्बो शोधा. पोलोत उलटी सोय आहे. टीएसआय ११९७ सीसी, तर साधी तीन सिलिंडरची १.२ पेट्रोल ११९८. एका सीसीवरून खरं-खोटं कळतं.

दुसरं म्हणजे अबार्थचा टायमिंग बेल्ट, इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा. या गाडीचं वय बघता किलोमीटर कमी असले तरी रबर जुनं झालेलंच असतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून पैसे बाजूला काढा. आणि रिमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. दोन्ही गाड्यांत तो भरपूर झालेला सापडतो. ‘फक्त स्टेज वन (पहिल्या पायरीचा) आहे’ असं अगदी निरागसपणे सांगितलं जातं. पोलोचा गिअरबॉक्स २५० एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे, म्हणून ट्यून केलेल्या पोलोपासून मी लांब राहतो. अबार्थचा गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, पण तिच्यातही मला कंपनीने दिली तशीच गाडी हवी. १४५ बीएचपी पुढच्या दोन चाकांना पुरेसे आहेत, विशेषतः पोलोत असलेलं ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, अबार्थमध्ये नसताना.

सुट्या भागांचं काय? पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण रस्त्यावर इतक्या आहेत की गॅरेजवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांकडे तिचं सामान असतं. फियाटने २०१९ च्या सुमारास भारतातल्या गाड्यांचा गाशा गुंडाळला. सर्व्हिससाठी अनेक शहरांत जीपच्या वर्कशॉपमध्ये जाता येतं, नेहमीच्या झिजेचे बरेच भाग साध्या पुंटोचे आणि फियाटच्याच लिनियाचे चालतात. पण खास अबार्थचा भाग हवा असेल तर गाडी आठवडाच्या आठवडे उभी राहू शकते, आणि इथेच माझा पहिला प्रश्न येतो. ती उभी असताना मुलांना शाळेत सोडायला, आईला दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी आहे का? असेल आणि फियाट मनापासून जाणणारा एखादा मेकॅनिक गावात असेल, तर अबार्थ घ्या. एकच गाडी ठेवायची असेल तर पोलो घ्या.

बलेनो आरएसचाही विचार करावा. १०१ बीएचपी, वजन ९५० किलोच्या आसपास, आणि मारुती असल्यामुळे कुठेही दुरुस्त होते. मला ती चालवताना गंमत कमी वाटली, पण खर्चाच्या धास्तीने झोप उडत असेल तर ती योग्य गाडी आहे. बजेट थोडं ताणता आलं तर २०२० नंतरची १.० टीएसआय पोलो सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये शोधा. ११० पीएस, तोच १७५ एनएम टॉर्क आणि डीएसजीची चिंताच नाही.

कुठलीही घ्या, हातातल्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नका. सात असतील तर सहाची घ्या. उरलेला लाख टायर, बुश, बेल्ट, ऑइल यांत पहिल्या वर्षीच लागतो. कर्ज फेडलेलं असलं तरी आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या बोजाची नोंद, उतरलंय का ते बघा. विकणारा ‘नो क्लेम बोनस सोबत देतो’ म्हणाला तर त्याची किंमत धरू नका, तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणून इथला रोड टॅक्स भरेपर्यंत तो स्वस्तपणा बराचसा संपलेला असतो.

माझ्या घरी दुसरी गाडी होती, आणि शिरूर रस्त्यावर फियाटवर वीस वर्षं काम केलेले एक काका ओळखीचे निघाले. त्यांनी पांढरी अबार्थ लिफ्टवर चढवली, अर्धा तास काही न बोलता खालून टॉर्च मारला, आणि हात पुसत एवढंच म्हणाले, ‘बेल्ट आजच मागवा.’ टोकन मी तिथूनच पाठवलं.