चारकोल, फिक्सेटिव्ह आणि मुंबईचा पावसाळा: तेरा महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या रविवारी सासूबाईंचं पोर्ट्रेट पूर्ण झालं. चार रविवार त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, दर वेळी तासभर, हातात जपमाळ घेऊन. राखाडी टोन्ड कागद, त्यावर विलोच्या काड्यांचा मऊ चारकोल (कोळसा), हनुवटीखालच्या सावलीला दाबून घट्ट केलेला कॉम्प्रेस्ड चारकोल, आणि नाकाच्या शेंड्यावर व चमकीवर पांढऱ्या चारकोलचे दोन ठिपके. बाहेर धो धो पाऊस चालू होता. वास घरात कोंडू नये म्हणून बाल्कनीचं दार उघडलं, बोर्ड कपाटाला टेकवला आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारतात तो फवारा, मारलं. मिनिटभरात गळ्याखालचा सगळा काळा भाग पांढुरका पडला. सासूबाई जवळ येऊन बघतात तर काय, "अगं, माझ्या मानेवर पीठ कशाने सांडलं?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. कागद किती जीएसएमचा आणि पेन्सिल कोणत्या ग्रेडची हे सराव करणाऱ्यांना माहीतच असतं, त्यात वेळ घालवत नाही. मुख्य लिहायचंय ते फिक्सेटिव्हच्या त्या डब्याबद्दल. ६५० रुपयांचा तो एक डबा माझ्या उरलेल्या सगळ्या सामानाहून महाग आहे.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली, मग पेन्सिल सुटली ती सुटलीच. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर नेमाने चेहरे काढायला बसले. सुरुवात कॅमलिनच्या ड्रॉइंग पेन्सिलींनी केली. १९३१ पासूनची मुंबईची कंपनी, आमच्या घरात तीन पिढ्यांनी तिचा कंपास वापरलाय, त्यामुळे दुसरं काही घ्यायचं मनातही आलं नाही. २बी आणि ६बीबद्दल माझी काही तक्रार नाही, पैशाच्या मानाने उत्तमच. ग्रॅफाइटची जी खोड आहे ती कुठल्याही कंपनीच्या पेन्सिलीत असणारच: केस गडद करायला गेलं की थर चकाकतो, आणि बाजूने उजेड आला की सगळ्यात काळा भाग चंदेरी दिसतो. त्यावर चारकोल चढवून चकाकी मारायला गेले, तर ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर चारकोल धरेना, नुसता सरकत राहिला. कागद फुकट गेला. तेव्हापासून एका चित्रात दोन्ही वापरायचे असतील तर गडद भाग आधी चारकोलने काढते आणि ग्रॅफाइट त्याच्या वाटेला जाऊ देत नाही.

लोकलमध्ये मात्र पेन्सिल नाही आणि चारकोल तर नाहीच. मुलुंड ते सीएसएमटी, जाऊन येऊन रोजचा दीड तास माझ्या हातात असतो, आणि तेवढ्या वेळात दहा रुपयांचं बॉलपेन जे शिकवतं ते घरी बसून शिकता येत नाही. खोडता येत नाही, म्हणून रेघ ओढण्याआधी बघावं लागतं. हात हलका ठेवला तर करडी छटा येते, दाब दिला की काळी. फेब्रुवारीत समोरच्या सीटवर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या. मान खाली, त्यामुळे पापण्या पूर्ण उतरलेल्या, वरच्या पापणीची जाड कड आणि तिच्याखाली गालाचं हाड. त्या घाटकोपरला उतरेपर्यंत त्यांचे दाणे संपले नव्हते आणि माझं नाक काढून झालं नव्हतं, पण पापणीला जाडी असते हे त्या दिवशी पक्कं बसलं. तोवर मी पापणी म्हणून एक वाकडी रेघ ओढत होते. एक सांगते, निळं बॉलपेन उजेडात उडतं. सरावाची वही असेल तर हरकत नाही, भिंतीवर लावायचं काही त्याने काढू नका.

जलरंगही करून पाहिला, दोन महिने. सावळाराम हळदणकरांचं हातात दीप घेतलेल्या स्त्रीचं चित्र, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कित्येकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे आणि समोर उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी. बोटांच्या फटींतून येणारा तो प्रकाश ज्या माध्यमात साधला, त्यात चुकलेलं मागे घेता येत नाही. मी आदराने ब्रश धुऊन ठेवले आणि पुन्हा चारकोलकडे आले.

चारकोलचा सगळा फायदाच मागे घेता येण्यात आहे. विलो चारकोलची काडी आडवी धरून आधी सावलीचे मोठे आकार टाकायचे: डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची सावली, जबड्याखालची. डोळे डोक्याच्या निम्म्यावर येतात, माझा हात त्यांना सारखा वर ढकलतो. पण चुकलं तर जुन्या नऊवारीच्या मऊ तुकड्याने एक फटका मारायचा, फिकट डाग उरतो, त्याच्यावरच पुन्हा सुरू करायचं. उजेड काढायला नीडेबल रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर. ते संपलं होतं तेव्हा लादीपावाचा आतला मऊ गर चुरून वापरला. रबर यायच्या आधी चित्रकार पावानेच खोडायचे, आणि खरोखर छान निघतं. वरची तुपकट साल मात्र काढून टाका, आणि काम झालं की कागद नीट झटका, नाहीतर मुंग्या येतात. कॉम्प्रेस्डचं उलटं. तो एकदा बसला की निघत नाही, म्हणून शेवटी आणि मोजक्याच जागी. पांढरा चारकोल काळ्यावर घासू नका, निळसर मातकट रंग येतो. टोन्ड कागदाचा मधला रंग मोकळा सोडायचा, पांढरा फक्त उजेडाच्या टोकावर.

आता डबा.

फेब्रुवारीत फोर्टमधल्या एका दुकानातून आणला. आणल्या आणल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ३७० ग्रॅम भरला. गॅस सिलिंडरचं वजन बघून घ्यायची सवय आहे, तीच इथे लावली. मेपर्यंत कौतुकच होतं. हातभर अंतरावरून दोन हलके हात दिले की बोट फिरवलं तरी डाग येत नव्हता. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

जुलैत ते पोर्ट्रेट पांढरं पडलं. ऑगस्टमध्ये नोझल बंद. दाबलं की नुसता फुस्स आवाज, बाहेर थेंब नाही. वजन केलं तर २४० ग्रॅम. म्हणजे बराचसा माल आतच. बिल घेऊन दुकानात गेले. "मॅडम, उघडलेला माल परत घेत नाही." म्हटलं, उघडल्याशिवाय तो बंद पडतो हे कळणार कसं? त्यांनी कंपनीचा नंबर दिला. कंपनीने बॅच नंबर मागितला, तो दिला. बिलाचा फोटो मागितला, दिला. दाबतानाचा व्हिडिओ मागितला, तोही मुलाकडून काढून पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की दोष मालात नसून वापरण्याच्या पद्धतीत आहे. पद्धत कुठली चुकली, एवढं तरी लिहायला नको? चित्राबद्दल लिहिलं होतं त्याचा तर उल्लेखही नाही. मला नवा डबा नको होता. चार रविवार एक म्हातारं माणूस बसलं होतं, त्याची कोणीतरी दखल घ्यावी एवढंच होतं.

त्या दिवशी मी ठरवलं होतं की या डब्याला एकही चांगला शब्द लिहायचा नाही. तो निर्णय मला बदलावा लागला.

सप्टेंबरच्या शेवटी जेवणाच्या सुट्टीत जहांगीर आर्ट गॅलरीवरून जात होते. फुटपाथवर पोर्ट्रेट काढून देणारे एक काका बसतात, समोर माणूस बसला की दहा-पंधरा मिनिटांत चेहरा कागदावर. त्यांच्याजवळ तसाच डबा दिसला म्हणून विचारलं. म्हणाले, "ताई, प्रत्येक वेळी झालं की डबा उलटा करायचा आणि नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा. नळीत राहिलेलं वाळतं, तेच तोंड बंद करतं." बंद पडलेल्याचं काय? "नोझल ओढून काढा, स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा." आणि पांढरं पडलेल्याचं? तेव्हा त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं. "पावसात आम्ही मारतच नाही. बटर पेपर घालून देतो."

घरी येऊन डबा भिंगाखाली वाचून काढला. आग, डोळे, मुलं, उन्हात ठेवू नका, सगळं आहे. हवेच्या ओलाव्याबद्दल एक अक्षर नाही. कारण समजून घेतल्यावर तर जास्तच राग आला, इतकं साधं आहे. फिक्सेटिव्हमधला द्राव झपाट्याने उडतो, उडताना कागदाचा पृष्ठभाग गार करतो, आणि भोवतालच्या दमट हवेतली वाफ त्या ओल्या थरावर धरते. थर वाळतो तो पाणी पोटात घेऊन, म्हणून पांढुरका. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला हे ठाऊक असतं, पावसात तो लाखेचा हात देत नाही. जुलैत मुंबईच्या हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा असतो. या शहरात डबा विकायचा तर त्यावर ही एक ओळ छापायला किती शाई लागते?

नोझल स्पिरिटमध्ये ठेवलं, सकाळी सुईने टोचलं, लावलं. पहिल्याच दाबाला फवारा बारीक आणि सरळ. नवऱ्याला उठवून दाखवला.

मग ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत थांबले. दुपारी दोनची वेळ, पंखा बंद, बोर्ड आधी अर्धा तास कोरड्या खोलीत. आधी एका रद्दी स्केचवर मुद्दाम करून बघितलं, मग सासूबाईंच्या चित्रावर अगदी हलका एक हात. नवा द्राव जुन्या थरात मुरला, तो पुन्हा विरघळला, आणि अडकलेला ओलावा निघून गेला असावा, कारण डोळ्यांदेखत गळ्याखालचा काळा रंग परत आला. सगळा नाही. डाव्या कानामागे बोटाएवढा धुरकट पट्टा अजून आहे. पण ती मान पुन्हा मान दिसते.

म्हणून डब्याबद्दलचं मत आता असं: नोव्हेंबर ते मे बिनधास्त वापरा, जून ते सप्टेंबर टोपणही काढू नका. वापरल्यावर उलटा करून दाबा, त्यात थोडा गॅस जातो तो जाऊ द्या. टोन्ड कागदावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: फिक्सेटिव्हने पांढरा चारकोल विझतो. फवारा मारून झाल्यावरच पांढरं द्यायचं. कंपनीच्या सेवेला मी शून्य देते आणि त्यावर ठाम आहे.

पावसाळ्यात मी आता काय करते तेही सांगते. पॅड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. ओलसर कागदावर चारकोल चिकटून बसतो आणि नीडेबल रबराने निघत नाही, हे त्या चार रविवारांत मला जाणवत होतं, मी हाताला दोष देत होते. प्रत्येक चित्रावर बटर पेपर, चारी बाजूंनी कागदी टेपने पक्का, म्हणजे सरकून घासत नाही. पुढच्या पावसात बॉलपेन आणि ग्रॅफाइट जास्त, चारकोल कमी. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून तोंडाच्या फुंकनळीने मारायची जुनी पद्धतही या थंडीत करून बघितली. खर्च नगण्य, पण पिवळट झाक येते. पांढऱ्या कागदावर नको, राखाडीवर चालून जाते.

सासूबाईंच्या नाकाचा उजेड आणि चमकीचा ठिपका, दोन्ही फवाऱ्यात गेले होते. परवा त्यांना पुन्हा खिडकीपाशी बसवलं. "आता पीठ नाही ना टाकणार?" म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या. पाच मिनिटांचं काम होतं, त्या तासभर बसल्या. दोन्ही ठिपके दिले आणि त्यांवर काही मारलं नाही. ते काचेला लागू नयेत म्हणून फ्रेमवाल्याला माउंट जाड घालायला सांगितलंय.