गारगाई की मनोरी?

सात तलावांतून रोज सुमारे ४,००० दशलक्ष लिटर पाणी येतं, तरी मुंबईची तहान भागत नाही. पुढच्या पर्यायांपैकी दोन: वाडा तालुक्यातलं गारगाई धरण (रोज ४४० दशलक्ष लिटर) आणि मुंबईच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करणं (आधी २००, पुढे ४००).

गारगाईचं पाणी बोगद्यातून मोडकसागरात (सात तलावांपैकी एक) आणि तिथून उताराने शहराकडे. चालवायला स्वस्त. पण पाणी पिणार मुंबई आणि बुडणार तानसा अभयारण्यातलं जंगल, आदिवासींची गावं. शिवाय पाणलोट, म्हणजे पाऊस गोळा होणारा भाग, वैतरणा नदीवरच्या सध्याच्या तलावांच्या शेजारचाच. जून कोरडा गेला की हेही धरण बाकीच्यांबरोबर आभाळाकडे बघत बसणार.

मनोरीला पावसाची फिकीर नाही, विजेची आहे. खारं पाणी प्रचंड दाबाने पडद्यांतून ढकलायला हजार लिटरमागे तीन-चार युनिट लागतात. मागे उरतं आणखी खारट पाणी, ते परत समुद्रात. नेमकं कुठे सोडणार, हे कोळीवाड्यांनी खडसावून विचारावं.

माझा कौल तरीही मनोरीला, २०० वरच थांबून. महाग आहे, पण पश्चिम उपनगरांच्या उशाशी आहे. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राहून फिरवून आणायला नको.