इरिडियम गो घेऊन अटलांटिक पार: स्लो आहे, पण कामाचं आहे

आधीच सांगतो, मी काय मोठा दर्यावर्दी वगैरे नाही. मूळ देवगडचा, घरात चुलतभावाचा ट्रॉलर आहे, पण मी स्वतः नेदरलँड्समध्ये बसून कोड लिहितो आणि शनिवार-रविवार लोकांच्या बोटींवर फुकटात दोर ओढतो. मागच्या हिवाळ्यात एका रिटायर्ड डच स्किपरबरोबर ४० फुटी शिडाच्या बोटीतून कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासपासून सेंट लुशियापर्यंत जायचा चान्स मिळाला. अंतर साधारण २७०० नॉटिकल मैल, आम्ही चौघं, २० दिवस लागले. चौघांत आयटीवाला मी एकटाच, त्यामुळे सॅटेलाईटचं खातं न विचारता माझ्या गळ्यात पडलं.

बोटीवर होतं इरिडियम गो, म्हणजे सॅटेलाईटवरून फोन, मेसेज आणि जरासा डेटा देणारं यंत्र. त्याचं नवीन मॉडेल एक्झेक नाही हां, २०१४ साली आलेलं ते जुनं छोटं डबडं, ३०० ग्रॅमच्या आसपास वजन, वरचा अँटेना उभा केला की चालू होतं आणि स्वतःचं वायफाय देतं. ते वायफाय दिसलं की नवीन माणसाला वाटतं चला आता इंटरनेट आलं. इंटरनेट-बिंटरनेट काही नाही. स्पीड आहे २.४ केबीपीएस, बरोबर वाचलंत, म्हणजे सेकंदाला ३०० बाईट. १०० केबीची फाईल साडेपाच मिनिटं, आणि तुम्ही आईला पाठवायला काढलेला ३ एमबीचा सूर्यास्त पावणेतीन तास, तेही मधे लाईन तुटली नाही तर. आणि लाईन तुटतेच, कारण इरिडियमचे ६६ सॅटेलाईट ७८० किलोमीटर उंचीवरून पळत असतात, डोक्यावरचा सॅटेलाईट काही मिनिटांत क्षितिजाखाली जातो आणि मग कनेक्शन दुसऱ्याच्या हातात द्यायचं, त्या देवाणघेवाणीत कधी कधी कॉल मरतो. पण फायदा असा की पृथ्वीवर असा कोपरा नाही जिथे हे लागत नाही, अगदी ध्रुवावरसुद्धा. जाता जाता एक गंमत, मूळ प्लॅन ७७ सॅटेलाईटचा होता म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या इरिडियम धातूचं नाव ठेवलं, पुढे आकडा ६६ वर आला पण नाव तेच राहिलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे हवामान. याच्यासाठीच हे घ्यायचं, बाकी सगळं बोनस. आम्ही सोबत प्रेडिक्टविंडचं ऑफशोअर ॲप वापरलं, ते दाबून बारीक केलेल्या ग्रिब फाईल (म्हणजे वारा-लाटांच्या अंदाजाचे नकाशावर ठिपक्याठिपक्याने मांडलेले आकडे) देतं, अमेरिकेचं जीएफएस, युरोपियन, हवामानाचं जे मॉडेल पाहिजे ते, आणि तुमच्या बोटीचा वेग कुठल्या वाऱ्यात किती हे आधी भरून ठेवलं की रूटचं गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं आणि बोटीवर फक्त उत्तर येतं. हे डोकं मस्त लावलंय. पैसे घालायचे नसतील तर सेलडॉक्स या ईमेल सेवेला ईमेल करा, चौकोनाचे अक्षांश-रेखांश, किती दिवसांचं आणि किती बारीक पाहिजे ते एका ओळीत लिहायचं, ग्रिब फाईल फुकट परत येते.

पहिले दोन दिवस मी येड्यासारखा पाव डिग्रीचं ग्रिड, म्हणजे दर पाव डिग्रीला एक ठिपका, मागवत होतो, अख्खा अटलांटिक, पाऊस, लाटा, ढग, सगळं. फाईल येता येईना. स्किपर शांतपणे म्हणाला, एक डिग्रीचं मागव आणि फक्त वारा. पाव डिग्रीऐवजी एक डिग्री घेतलं की ठिपके १६ पटींनी कमी होतात, फाईल आली ४० केबीवर, दोन-सव्वादोन मिनिटांत खाली. आणि खरं सांगायचं तर ट्रेड विंडमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांत, एवढंच लागतं. आम्हाला जाणून घ्यायचं होतं एकच, वारा दक्षिणेला किती खाली गेल्यावर नीट सापडणार. जुने खलाशी म्हणायचे लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा, आम्ही लोण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ ग्रिब बघत होतो. पाचव्या दिवशी थेट रस्त्यावर वारा पडणार असं दिसलं म्हणून अजून दीडशे मैल खाली उतरलो, दोन दिवस इंजिन लावायचं वाचलं, डिझेलचा हिशोब घातला तर त्या दोन मिनिटांच्या फाईलचे पैसे तिथेच वसूल.

पण यात एक गोम आहे, नवीन लोकांनी नीट वाचा. ग्रिबमध्ये स्क्वॉल, म्हणजे काळ्या ढगाखालचा अचानक येणारा सोसाटा, दिसत नाही. पाव डिग्री म्हणजेसुद्धा १५ मैल, त्यात तो काळा ढग मावतो कुठे. फाईलमध्ये दिसतोय १८ नॉट वारा, छान हिरवा-पिवळा रंग, आणि रात्री अडीच वाजता माझ्या पहाऱ्याच्या पाळीत मागून अंधाराचा एक गोळा आला आणि मीटरवर ३५. मोठं शीड अर्धंसुद्धा गुंडाळलेलं नव्हतं. त्यानंतर अंधार पडायच्या आत शीड कमी करायचंच, ॲप काही का म्हणेना. स्क्वॉल बघायला रडार आणि डोळे, सॅटेलाईटचा इथे उपयोग शून्य.

आता घरच्यांशी बोलणं. व्हॉट्सॲप विसरा. एसएमएस जातात, आम्ही रोमनमध्येच टाईप करायचो, छोटे ईमेल जातात, आणि फोन लागतो पण आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि मधे एवढा गॅप की दोघंही एकदम हॅलो म्हणतात, मग दोघंही गप्प, मग परत दोघं हॅलो. आईने तिसऱ्या दिवशीच सांगितलं, फोन नको करू, मला तू बुडतोयस असं वाटतं, मेसेज कर. म्हणून मग मेसेजवर आलो, आणि त्याच्या जोडीला ट्रॅकिंग, म्हणजे ठराविक तासांनी बोटीची पोझिशन नकाशावर ठिपका म्हणून उमटते.

या ठिपक्याने घात केला. अकराव्या दिवशी चार्ट टेबलवर कोणाची तरी बॅग डबड्याला लागली, अँटेना आडवा झाला, आणि अँटेना आडवा म्हणजे डबडं बंद, बाहेर एक्स्टर्नल अँटेना लावलेला असला तरी. आम्ही मस्त मासे तळून खात होतो आणि तिकडे देवगडला ११ तास ठिपका हलला नाही. दादाने स्किपरच्या बायकोला फोन केला, वहिनीने गणपती पाण्यात घालायचं बाकी ठेवलं. संध्याकाळी चालू केलं तर १४ मेसेज, शेवटचा आईचा, फक्त "अरे". चूक पूर्णपणे आमची, पण त्यामुळे निघायच्या आधी घरी स्पष्ट सांगा की ठिपका थांबला म्हणजे बोट थांबली असं नाही, दोन दिवस वाट बघायची, त्यानंतर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवायचा. आणि डबडं पट्ट्याने नीट बांधा.

एअरटाईम ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याने शुक्रवारी सिम चालू करतो म्हणून सोमवार उजाडवला, आम्ही बंदरात नखं खात बसलो. निघायच्या किमान १० दिवस आधी चालू करून किनाऱ्यावर एक ग्रिब उतरवून बघा, बाकी काय बोलू.

स्टारलिंकच का नाही घेतलं, हे मला सगळे विचारतात. शेजारच्या बोटीवर होतं, ते लोक समुद्राच्या मधोमध मॅच बघत होते, जळलो थोडा. पण त्याचं छोटं मिनी मॉडेल घेतलं तरी २५ ते ४० वॅट खातं, म्हणजे २४ तास चालवलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० ते ८० अँपिअर-अवर गेले, आमचा फ्रिज आणि ऑटोपायलट आधीच तेवढं खात होते. शिवाय भर समुद्रात जमिनीवरचा साधा प्लॅन पुरत नाही, वेगळा डेटा घ्यावा लागतो आणि त्याचे नियम सारखे बदलतात. सोलर भरपूर असेल तर स्टारलिंक जरूर घ्या, पण वीज मेल्यावर हातात धरून चालेल असं काहीतरी बॅटरीवालं सोबत असू दे, गार्मिन इनरीच हा खिशातला सॅटेलाईट मेसेंजर असो नाहीतर हे इरिडियम गो.

इरिडियम गो या डबड्यावर एसओएस बटण आहे, पण ते दाबल्यावर निरोप कोणाला जाणार ते आधी सेट करावं लागतं, आणि ते असलं तरी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात बोटीची जागा सॅटेलाईटला कळवणारा बीकन, वेगळा पाहिजेच. मजकूर पाठवायची सोय काय चीज आहे ते भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमींच्या केसमध्ये दिसलं, सप्टेंबर २०१८, गोल्डन ग्लोब रेस, म्हणजे एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाची फेरी, गोव्यात बांधलेली थुरिया बोट हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, उठता येईना, पण सॅटेलाईटवरून छोटे मेसेज जात राहिले आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने उचललं.

आणि हो, महत्त्वाचं. हे यंत्र घेऊन भारतात येऊ नका. इरिडियम आणि थुराया कंपन्यांचे सॅटेलाईट फोन, इनरीच, सगळं सरकारी परवानगीशिवाय बेकायदा आहे, गोवा आणि दिल्ली विमानतळावर इनरीचवाल्या परदेशी पर्यटकांना पोलिसांनी धरलेलं आहे. मी आमचं बोटीवरच ठेवून आलो.

घरी गेल्यावर चुलतभावाला कौतुकाने सगळं सांगत होतो. २०१७ ला ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगड बंदरात शिरल्या तेव्हा तो तिथेच होता, खोल समुद्रातल्या बोटीपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही तर काय होतं हे त्याला मी सांगायची गरज नाही. आपल्याकडे मच्छीमारांना इस्रोच्या तंत्रावरचे ट्रान्सपाँडर देताहेत, १ लाख बोटींची योजना, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झाली, त्यात दोन्ही बाजूंनी मेसेज जातात. मी त्याला ग्रिब, मॉडेल, रूटिंग समजावत सुटलो तर तो जाळं विणता विणता म्हणाला, "वारो खयसून येता ता सांग, बाकीचा माका नको."

एक डिग्रीचं ग्रिड, फक्त वारा. स्किपरही तेच म्हणत होता.