शहराचा नकाशा काढा आणि कोन शिका – वर्कशीट सेट कसा वाटला

मुलीसाठी हा सेट घेतला, आठवीत आहे आणि दोन रेषांना तिसरी रेषा कापते तेव्हा होणारे संगत कोन (दोन्ही ठिकाणी सारख्याच जागी येणारे) आणि व्युत्क्रम कोन (कापणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंना येणारे) यांचा नुसता गोंधळ चालला होता. यात एक कोरं शहर आखायचं असतं, आधी समांतर रस्ते, मग त्यांना तिरका कापत जाणारा हायवे म्हणजे छेदिका, आणि मग सूचना येतात की शाळा आणि दवाखाना संगत कोनांवर ठेवा, बाग आणि बँक व्युत्क्रम कोनांवर, वगैरे. पाठांतरापेक्षा हे भारी आहे, कारण जागा चुकली की लगेच दिसतं.

खरी मजा वेगळीच झाली. तिने रस्ते पट्टी न धरता अंदाजाने काढले, कोनमापक लावला तर आंतरकोनांची (हायवेच्या एकाच बाजूच्या, दोन रस्त्यांच्या मधल्या दोन कोनांची) बेरीज १८० ऐवजी १८३ अंश! रडकुंडीला आली, पण रेषा समांतर नसतील तर १८० येणारच नाही हे त्यातूनच डोक्यात बसलं, मला समजावून सांगावंही लागलं नाही.

तक्रार एकच, उत्तरपत्रिकेत एका ठिकाणी ६५ अंशाच्या कोनाच्या जोडीचा आंतरकोनही ६५ च छापलाय, तिथे ११५ हवं. आणि कागद फारच पातळ, दोनदा खोडलं की फाटतो राव.