रॅम टाकली अन् लिब्रेऑफिस एकदाचं बिल्ड झालं
जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस (फुकटातलं ऑफिस सॉफ्टवेअर) सोर्समधून बिल्ड करायच्या, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बनवायच्या नादात दोन रात्री गेल्या बे. उबुंटूवर (लिनक्स) आधी सॉफ्टवेअर सेटिंगमधली सोर्स कोडवाली टिक मारा नाहीतर बिल्ड-डेप (बिल्डला लागणारी पॅकेजेस आणणारी कमांड) चालतच नाही, मग ऑटोजेन (बिल्डची तयारी), मग मेक (खरा बिल्ड), इथवर मस्त, पण ८ जीबी रॅम अन् सोबत ८ जॉब (एकाच वेळी चालणारी कामं), लिंकिंगच्या म्हणजे तुकडे जोडायच्या टायमाला मेमरी फुल्ल अन् डायरेक्ट 'किल्ड'. वरून नागपूरचा मे महिना, कूलरसमोर ठेवला तरी लॅपटॉपचा पंखा बोंबलत होता.

म्हणून बर्डीवरच्या (सीताबर्डी) एका छोट्या रिपेअरिंगवाल्याकडे गेलो. काम सांगितलं तं म्हणे, "फुकट मिळते नं ते, मंग बनवता काऊन?" पण माणूस कामाचा! समोरच खोलून रिकामा स्लॉट दाखवला, अजून ८ जीबीची स्टिक टाकली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावली, अर्ध्या तासात मोकळा. एसएसडी गरज नाही म्हणून स्वतःच नाही म्हटलं, हे कोणी करते का आजकाल? पक्कं बिल मात्र दोनदा मागावं लागलं. पार्किंग विसरा, मेट्रोनं जा.

घरी येऊन जॉब ४ वर आणले, सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं टूल) टाकलं. पहिला बिल्ड रात्रभर चालला, सकाळी तर्री पोहे खाऊन येईपर्यंत तयार! एक ओळ बदलून परत मेक मारला तं काही मिनिटांतच झालं. अन् हो, मेक सुडोनं (अॅडमिनच्या हक्कानं) चालवू नका.

दुकानाला ४ स्टार, एक बिलापायी कापला.