दादरच्या मेडिकलमधून घेतलेला इन्स्टंट कोल्ड पॅक
शिवाजी पार्कात खेळताना पोराचा पाय मुरगळला, बर्फ कुठून आणणार, मग मेडिकलमधून हा पॅक घेतला, आतली पाण्याची पिशवी दाबून फोडली, हलवली आणि लगेच गारेगार. आत युरिया आहे, तो विरघळताना मोलमागे (म्हणजे जवळपास 60 ग्रॅम युरियामागे) साधारण 15 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, तरी आपोआप विरघळतो, कारण स्फटिकातले रेणू सुटून पाण्यात पसरले की एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा विस्कळीतपणा, वाढते आणि तापमान गुणिले ती वाढ या 15 पेक्षा जास्त भरते, म्हणजे फ्री एनर्जी (उष्णतेतून तो गुणाकार वजा करून उरते ती) कमी होते, आणि ती कमी होत असेल तर बदल आपोआप घडतो. बारावीत नुसतं पाठ केलेलं, आज हातात कळलं, खूप भारी वाटलं! मुंबईच्या उकाड्यात गारवा फार टिकत नाही आणि पॅक एकदाच वापरता येतो. कापडात गुंडाळूनच लावा. मी अजून दोन घेऊन ठेवलेत.