दवाखान्याच्या नोंदी, १,०१,३०० रुपये आणि मी न पाहिलेली एक पट्टी

कर्नाटकातल्या निपाणीत माझा एका खोलीचा दवाखाना आहे. त्यातील नोंदी संगणकावर नेण्याच्या व्यवहारात माझे १,०१,३०० रुपये आणि चौदा महिन्यांच्या रुग्णनोंदी गेल्या. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी चौकशी करूनच पुढे गेले होते आणि तरीही फसले. परंतु मला फसवणारा माणूस आता चिकोडी आणि संकेश्वर भागांतील दवाखान्यांत फिरतो आहे असे समजल्यावर गप्प बसणे मला पटले नाही.

मला ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी, प्रणालीच हवी होती. ओपनएमआरएस या ओपन सोर्स रुग्णनोंद प्रणालीवर बेतलेल्या, छत्तीसगडमधील गनियारीच्या रुग्णालयात वापरल्या गेलेल्या बाह्मनी या प्रणालीची माहिती मी वाचली होती. पण प्रयोगशाळा आणि हिशेब यांच्या जोडणीसह येणारा तो पसारा एक डॉक्टर आणि एक सिस्टर असलेल्या माझ्या दवाखान्याला झेपणारा नव्हता. ओपनईएमआर ही दुसरी ओपन सोर्स प्रणाली लहान दवाखान्यालाही चालते, हेही मी वाचले होते. ते उघडून मात्र पाहिले नव्हते, आणि घात तिथेच झाला. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी कोल्हापूरच्या एका व्यावसायिकाचे नाव सुचवले. त्यांच्या शब्दाखातर मी त्याला बोलावले. यात माझे काय चुकले, हे मला आजही कळत नाही. तो आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, ओपन सोर्सला मालक नसतो. उद्या बंद पडले तर कोणाला धराल? हे आम्ही स्वतः बनवलेले आहे.”

‘आजीवन परवाना’ म्हणून त्याने ४५,००० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ८,१०० रुपये घेतले. जुने २,३५० केसपेपर संगणकात भरण्याचे प्रत्येकी सहा रुपयांप्रमाणे १४,१०० रुपये झाले. सर्व्हरच्या वर्षभराच्या भाड्याचे ९,६०० आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे आरोग्यनोंदी डिजिटल करून एकमेकांना जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेशी, जोडणी करून देण्याचे १२,५०० रुपये वेगळे. ती जोडणी कधीच झाली नाही. दवाखान्याची आणि डॉक्टरची तेथील नोंदणी मोफत होते आणि जोडणी झालेल्या प्रणालींची यादी मिशनच्या संकेतस्थळावर पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ती पाहायला मला दहा मिनिटेही लागली नसती.

आता तो क्षण, जो आठवला की आजही झोप उडते. पहिल्या दिवशी त्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि ‘अॅडमिन’ व ‘पास’ हे दोन शब्द टाकून प्रणाली उघडली. रुग्णाच्या माहितीच्या पानावर ‘एस. एस.’ नावाचा एक रकाना होता आणि आणखी एक रकाना वंशाचा होता. निपाणीतल्या रुग्णाचा वंश कशाला विचारायचा, असे मी त्याला विचारले. “सरकारची नवी योजना येते आहे, त्यासाठी ठेवले आहे,” असे तो म्हणाला. प्रत्यक्षात तो पहिला रकाना अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा होता. त्याच वेळी पडद्याच्या वरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत काहीतरी नाव दिसत होते. मी चष्मा लावेपर्यंत त्याने एफ-११ ची कळ दाबली आणि ती पट्टी दिसेनाशी झाली. त्याने कळ दाबलेली मी पाहिली होती. समोर सात-आठ पेशंट ताटकळत बसले होते, म्हणून विचारायचे राहून गेले.

चौदाव्या महिन्यात त्याने नूतनीकरणाचे २४,००० रुपये मागितले. आजीवन परवान्याला नूतनीकरण कसले, असा वाद मी घातला. तरीही नोंदी त्याच्या ताब्यात असल्यामुळे १२,००० रुपये पाठवले. चौथ्या दिवशी प्रणाली उघडेना आणि त्याचा फोन बंद झाला. त्या रात्री माझ्या भाच्याने ओपनईएमआरच्या संकेतस्थळावरील खुले प्रात्यक्षिक उघडून दाखवले. तेच रकाने, तीच मांडणी आणि आत जाण्यासाठी तेच ‘अॅडमिन’ आणि ‘पास’! कोणीही विनामूल्य उतरवून घ्यावी अशी ती प्रणाली आहे. ती बसवून देण्याचे पैसे घेण्यात काही गैर नाही, तिच्या परवान्यात त्याला मनाईही नाही. पण ती स्वतः बनवली असे सांगून विकणे आणि रुग्णांच्या नोंदी अडकवून ठेवणे ही सरळसरळ लबाडी आहे.

पुढच्याच आठवड्यात एक बिडी कामगार मावशी आल्या. मागे कोणत्या गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या, ते त्यांना आठवत नव्हते. मी ते लिहून ठेवले होते, पण संगणकातच. त्या दिवशी औषध लिहिताना माझा हात थरथरला. वैद्यकीय नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. मी त्या कोठून देणार होते?

यानंतरचा अनुभव फसवणुकीहून कडू आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. आठ दिवसांनी ‘व्यावसायिक वाद’ असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. स्थानिक ठाण्यात हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगण्यात आले आणि तक्रार कन्नडमध्ये लिहून आणण्यास सांगितले. ३०० रुपये देऊन ती लिहून घेतली, तेव्हा सायबर गुन्ह्यांसाठी बेळगावला जा, असे सांगितले. दवाखाना बंद ठेवून पाऊणशे किलोमीटर गेले, तर तेथे आरोपी महाराष्ट्रातला आहे, कोल्हापूरला तक्रार द्या, असे उत्तर मिळाले. कोल्हापुरात म्हणाले, घटना निपाणीत घडली आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तरतूद आहे, हे मी छापील कागद पुढे करून सांगितले. तो कागद त्यांनी वाचलासुद्धा नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंनी टोलवले जाणे आम्हाला नवीन नाही, पण रुग्णांच्या आजारांची माहिती एका भामट्याच्या हाती असताना कोणालाही त्याची निकड वाटू नये, याचा संताप आवरत नाही.

जीएसटीचे बिलही मी नंतरच नीट पाहिले. क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा. दवाखाना कर्नाटकात असल्यामुळे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधील व्यवहारावरचा कर, लागायला हवा होता. त्याने नऊ-नऊ टक्के केंद्र आणि राज्याचे लावले होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. पैसे देण्याआधी एवढे तरी अवश्य तपासा. सर्व्हर आपल्याच नावावर घ्या. मुख्य पासवर्ड पहिल्याच दिवशी आपल्या हाती घ्या आणि तो बदला. रोजची प्रत आपल्या कपाटातल्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे निदान एकदा स्वतः पाहा. विक्रेता काहीही म्हणो, पहिले वर्षभर केसपेपर बंद करू नका.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. हा धंद्यासाठी केलेला व्यवहार असल्याची हरकत घेतली जाईल असे वकील म्हणतात, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे आणि मी तोच मुद्दा धरला आहे. दरम्यान, जुन्या चिठ्ठ्या घेऊन या, अशी पाटी मी दवाखान्याच्या दारावर मराठी आणि कन्नडमध्ये लावली. आतापर्यंत ३१२ जणांनी त्या आणून दिल्या असून सिस्टर आणि मी रोज रात्री त्या वहीत उतरवतो. मावशींना त्यांची चिठ्ठी अजून सापडलेली नाही.